श्वास हा दोष आहे काय?

श्वास हा विषय आमच्या तत्त्वचिंतकांस नवा नाहीं. छांदोग्य आणि बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत इंद्रियांचें भांडण लागतें. वाणी, चक्षु, श्रोत्र व मन हीं एकेक करून देह सोडून जाऊन पाहतात, तरी देह चालतोच. प्राण मात्र निघावयास लागतांच सर्वांचीं मुळें उखडूं लागतात, अशी ती मोठी मार्मिक कथा आहे. पुढें योगशास्त्रानें त्याच प्राणाच्या निरोधाची एक स्वतंत्र विद्या उभी केली. परंतु ज्या प्रश्नाकडे आज आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों तो आश्रमांतला नसून इस्पितळांतला आहे, आणि तो आमच्यापुढें कोणत्याहि ग्रंथानें ठेविला नाहीं. आमच्या थोरल्या भगिनीच्या एका साध्या उद्गारानें ठेविला.

भगिनीच्या आंतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालें होतें. यकृताच्या माथ्याशीं एक नवी गांठ आढळली. ती काढतां येण्याजोगी आहे असें शस्त्रवैद्यांचें मत पडलें, आणि तत्पूर्वीं रोग आणखी कोठें पसरला आहे काय हें पाहण्यासाठीं 'पेट स्कॅन' करविण्यांत आला. अहवाल आला त्यांत उजव्या फुप्फुसाच्या तळाशीं एक डाग नमूद केलेला होता. यकृतांतली एकटी गांठ ही एक गोष्ट, आणि फुप्फुसांतहि रोग ही अगदीं निराळी गोष्ट. शस्त्रक्रियेचा सगळा बेतच त्यामुळें डळमळला. यकृतांतली गांठ फारशी उजळलेली दिसत नाहीं, असाहि एक शेरा त्याच कागदावर होता. पण भयाच्या भरांत तो कोणीं वाचला नाहीं. आठ दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. पुढें दुसऱ्या एका तज्ज्ञानें तीं चित्रें पाहून, श्वासाच्या गतीचा हिशेब घेऊन पुन्हां तपासणी करविली, तेव्हां कळलें कीं, फुप्फुसांतला डाग म्हणजे यकृतांतलीच गांठ होती; श्वासामुळें ती चित्रांत वर चढून बसली होती. आम्हांस हायसें वाटलें. ताईनें मात्र सर्व ऐकून घेतलें आणि हळूच विचारलें, "म्हणजे मीं श्वास नीट घेतला नाहीं, असंच ना?"

या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें आहे, हें उघडच आहे, आणि तसें आम्हीं तिला सांगितलेंहि. पण तें उत्तर तिला पटलें नाहीं, आणि तें कां पटवितां येत नाहीं याचा विचार करितां करितां आम्ही बरेच दूर गेलों. त्यासाठीं प्रथम यंत्राची थोडी माहिती घेणें भाग आहे.

पेट तपासणींत रोग्याच्या शिरेंतून ग्लुकोजसारखा एक पदार्थ टोचतात; त्यास फ्लुओरिन-१८ हा किरणोत्सारी अणु जोडलेला असतो. सुमारें ११० मिनिटांत असे निम्मे अणु लयास जातात, इतकें त्यांचें आयुष्य थोडें. ज्या पेशी अधाशीपणें साखर ओढतात, आणि कर्करोगाच्या पुष्कळशा पेशी तशा असतात, त्यांत हा पदार्थ सांचतो. तासभर निवांत पडून राहिल्यावर रोग्यास यंत्राच्या कड्यांत सरकवितात. अणूंतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनशीं गांठ पडतांच दोघेहि नष्ट होतात, आणि त्यांच्या जागीं दोन किरणकण एकमेकांच्या उलट दिशांस धांवत सुटतात. कड्यावरील दोन संवेदकांनीं ते एकाच क्षणीं टिपले, कीं त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर कोठें तरी ही घटना घडली, एवढेंच समजतें. अशा लक्षावधि रेषांवरून गणितानें चित्र रचावें लागतें. डिरॅकनें १९३१ सालीं कागदावर कल्पिलेला आणि अँडरसननें १९३२ सालीं प्रत्यक्ष पाहिलेला हा कण पन्नास वर्षांच्या आंत रोग्याच्या सेवेस लागावा, याचें आम्हांस आजहि नवल वाटतें. आपल्या देशांत ही तपासणी २००२ सालीं मुंबईंत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें सुरू झाली.

'रचावें लागतें' हे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. त्यांचें काम पुढें पडणार आहे.

आतां अडचण अशी कीं, हे कण विरळ येतात, म्हणून देहाच्या एकेका भागासमोर यंत्रास दोन ते चार मिनिटें तरी थांबावें लागतें. तेवढ्या अवधींत माणसाचे तीस-चाळीस श्वास होऊन जातात. प्रत्येक श्वासाबरोबर श्वासपटल खालीं येतें व वर जातें, आणि त्याच्या संगतीनें यकृत, प्लीहा व फुप्फुसाचा तळ हे एकदोन सेंटिमीटर हलतात. यंत्राची नजर मात्र चारपांच मिलिमीटरांइतकी बारीक असते. म्हणजे इतकी बारीक नजर मिळवून जें पाहावयाचें तें तिच्या तिप्पट-चौपट हलतें आहे! परिणाम असा होतो कीं, गांठ आहे त्याहून मोठी आणि आहे त्याहून फिकी दिसते. आणि ती मुळांतच बारीक असली तर आसपासच्या अंधुक प्रकाशांत विरून जाते.

१८३८ सालीं दागेरनें पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचें जें प्रसिद्ध छायाचित्र घेतलें, त्याची येथें आठवण होते. रस्ता गजबजलेला, पण पत्रा उजळण्यास कित्येक मिनिटें लागत, त्यामुळें गाड्या, घोडे, माणसें यांतलें कांहींच चित्रांत उमटलें नाहीं. उमटला तो एक गृहस्थ, बूट पुसून घेण्यासाठीं एका जागीं उभा राहिलेला. पुढें पुष्कळ वर्षें छायाचित्रकार गिऱ्हाइकाच्या मानेमागें लोखंडी आधार लावीत, तो याच कारणासाठीं. पण मान धरून ठेवतां येते. श्वासपटल कोण धरणार?

शिवाय दुसरी एक गुंतागुंत आहे, आणि ताईच्या बाबतींत तीच नडली. देहांतून बाहेर येतांना कांहीं किरणकण वाटेंतच अडतात. किती अडले असतील याचा अंदाज बांधण्यास देहाच्या घनतेचा नकाशा लागतो. तो सीटी यंत्रानें, त्याच खाटेवर, कांहीं सेकंदांत काढतात. म्हणजे सीटीनें श्वासाचा एकच क्षण पकडलेला असतो आणि पेटनें कित्येक मिनिटांची सरासरी. सीटीच्या क्षणीं रोग्यानें छाती भरून घेतली असेल तर यकृत खालीं गेलेलें असतें, आणि नकाशांत त्याच्या जागीं फुप्फुस असतें. दोन्ही चित्रें एकावर एक ठेवलीं कीं यकृताच्या माथ्यावरची गांठ फुप्फुसांत जाऊन बसते. हृदयाच्या तपासणींत याच विसंगतीमुळें हृदयाच्या निरोगी भिंतीस रक्त पोंचत नसल्याचा भास होऊं शकतो.

यावर शास्त्रज्ञांनीं जे उपाय काढले त्यांतला पहिला, श्वास रोखून धरण्याचा, फार वेळ चालत नाहीं हें सांगावयास नकोच. योग्यांची गोष्ट निराळी, पण योगी सहसा या कड्यांत येत नाहींत. दुसऱ्यास 'गेटिंग' म्हणतात, म्हणजे दारावर पहारा. छातीस पट्टा बांधून, किंवा पोटावर ठेवलेल्या खुणेकडे कॅमेरा लावून, किंवा अलीकडे नुसत्या जमलेल्या रेषांवरूनच, श्वासाची लय ओळखतात. तिचे चार, सहा, आठ भाग पाडतात. आणि उच्छ्वासाच्या अखेरीस जो स्वस्थतेचा काळ असतो तेवढाच चित्रासाठीं घेतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग इस्पितळांतील संशोधकांनीं २००२ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगावर हा प्रयोग करून दाखविला, तेव्हां गांठींचें आकारमान घटलेलें व त्यांची तीव्रता वाढलेली आढळली. पण याची किंमत पडते. आठ सारखे भाग पाडून एकच ठेवला तर सात भाग टाकून दिले, आणि चित्रांतला खरखरीतपणा सुमारें २.८ पट वाढला. तो घालवावयाचा तर रोग्यास अधिक वेळ पडून राहावें लागेल, नाहीं तर अधिक किरणोत्सार सोसावा लागेल.

तिसरा उपाय अधिक चतुर आहे. त्यांत कांहींच फेंकून देत नाहींत. प्रत्येक भागाचें वेगळें चित्र करतात, एका चित्रांतलें यकृत दुसऱ्यांत कोठें सरकलें आहे तें गणितानें शोधतात, आणि सर्व चित्रें त्या मापानें वांकवून, ताणून, एकाच स्थितींत आणून एकत्र करतात. चित्र स्पष्टहि होतें आणि गुळगुळीतहि. मात्र सरकण्याचें हें माप पुन्हां त्याच खरखरीत चित्रांवरून काढलेलें असतें, आणि तें काढतांना देहाचे शेजारी भाग सारखेच व सावकाश हलतात असें बहुधा धरून चालतात. वस्तुतः फुप्फुस व यकृत हीं बरगड्यांच्या आंतून घसरत जातात. बरगडी जवळजवळ स्थिर, आणि तिला लागून असलेलें फुप्फुस चाललेलें. तेवढ्या सीमेवर हें गृहीतक खोटें पडतें.

येथून आमच्या विषयाचा नैतिक भाग सुरू होतो. एका स्नेह्यांनीं, ते वकील आहेत, आम्हांस स्पष्टच विचारलें कीं, पुराव्यास असा हात लावणें योग्य कसें? साक्षीदार जें बोलला तें लिहावें. तो काय बोलला असतां बरें झालें असतें तें लिहूं नये. हा आक्षेप वजनदार आहे, पण आम्हांस तो मान्य नाहीं. कारण न सुधारलेलें चित्र म्हणजे साक्षीदाराचे मूळ शब्द, ही समजूतच चुकीची आहे. तें चित्रहि रचलेलेंच असतें, आणि तें रचतांना मनुष्य दगडाप्रमाणें निश्चल आहे असें गणितांत मुकाट्यानें धरलेलें असतें. हें गृहीतक सर्वांत साधें आहे खरें, पण सर्वांत साधें तें सर्वांत प्रामाणिक, असें कोणीं ठरविलें? रोगी श्वास घेतो हें आपल्यास निश्चित ठाऊक आहे. जें निश्चित ठाऊक आहे तें हिशेबांत न घेणें याला तटस्थता म्हणतां येत नाहीं.

तथापि स्नेह्यांच्या आक्षेपांत एक खरा कांटा आहे, आणि तो बोथट करावा असें आम्हांस वाटत नाहीं. धूसर चित्र आपलें अज्ञान उघडें ठेवतें; पाहणारा वैद्य सावध राहतो. सुरेख चित्र तसें करीत नाहीं. गणितानें सरकण्याचें माप चुकविलें तर ती चूकहि सुरेखच दिसेल. आणि असल्या चित्रावरून केवळ डागाचें नांव ठरत नाहीं. औषधाचा गुण येतो आहे कीं नाहीं हें आधींच्या व नंतरच्या चित्रांतील तीव्रतेचे आंकडे ताडून ठरवितात. पहिल्या वेळीं रोगी खोल श्वास घेत होता आणि दुसऱ्या वेळीं उथळ. किंवा पहिलें चित्र साधें आणि दुसरें सुधारलेलें. तर गांठ तशीच असूनहि आंकडा चढेल, आणि लागूं पडत असलेलें औषध निरुपयोगी म्हणून बंद होईल. म्हणून सुधारलेल्या चित्राशेजारीं न सुधारलेलेंहि ठेवावें, आणि कोणता संस्कार केला तें अहवालांत लिहावें, इतका आग्रह तर आम्ही धरूंच. आमच्या भगिनीच्या पहिल्या अहवालांत श्वासाचा उल्लेखच नव्हता.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार लागते. हे सर्व उपाय एकसारख्या, संथ श्वासावर उत्तम चालतात. ज्याला दमा आहे, ज्याला वेदना आहे, जो भ्यालेला आहे, ज्याला मधूनच खोकल्याची उबळ येते, त्याचे श्वास कोणत्याच सांच्यांत बसत नाहींत. पहारेकरी असे श्वास बेशिस्त म्हणून दाराबाहेर काढतो. म्हणजे स्पष्ट चित्राची ज्याला सर्वांत अधिक गरज, त्यालाच तें कमी मिळावयाचें. यंत्र करणाऱ्यांना हें ठाऊक नाहीं असें नाहीं. आडमुठ्या श्वासासाठीं निराळीं गणितें रचण्याचे प्रयत्न चालले आहेत. पण एखादी पद्धत यशस्वी झाली असें म्हणतांना ती कोणाच्या श्वासावर पारखली, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

राहिला ताईचा प्रश्न. तो तिला सुचला कां? आमच्या मतें त्याचें मूळ भाषेंत आहे. अशा प्रसंगीं 'रोग्याच्या हालचालीमुळें चित्र सदोष आलें' असें लिहिण्याचा प्रघात आहे. वाक्याचें व्याकरण पाहा: दोष चित्राचा, पण कारण रोगी. शिंप्यानें अंगरखा तंग शिवावा आणि गिऱ्हाइकास पोट आंत ओढावयास सांगावें, तशांतला हा प्रकार. चूक झाली ती हलणारा देह स्थिर धरण्यांत. देहानें आपलें काम चोख केलें. 'यंत्रानें श्वासाचा हिशेब घेतला नाहीं' असें लिहिलें तर शब्द सारखेच लागतात. रोग्याची मदत मागूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. संथ श्वास घ्या, असें सांगण्यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु श्वास ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. निम्मी आपल्या हातांत, निम्मी नाहीं. तिच्याकडे लक्ष गेलें कीं ती बदलते. 'नेहमींसारखा श्वास घ्या' ही आज्ञा पाळावयास निघालेला मनुष्य त्या क्षणापुरता तरी नेहमींसारखा श्वास घेऊं शकत नाहीं, आणि मग आपलें कांहीं तरी चुकतें आहे असें त्यास खाटेवर पडल्यापडल्या वाटत राहतें.

यकृतावरची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर सहा महिन्यांनीं पुन्हां तपासणी होती, आणि ताई आदल्या रात्रीं अंथरुणावर पडून श्वास मोजण्याचा सराव करीत होती, हें आम्हांस वहिनींकडून कळलें. सकाळीं यंत्रावरच्या मुलीस तिनें आधींच सांगून टाकलें कीं, मागच्या वेळीं माझ्यामुळें घोटाळा झाला होता. त्या मुलीनें तिच्या पोटाभोंवतीं पट्टा बांधला, पांघरूण सारखें केलें आणि म्हटलें, "मावशी, तुम्हांला यायचा तसा येऊं दे. पट्टा आहे ना, तो बघेल." बाहेर आल्यावर कसें झालें म्हणून आम्हीं विचारलें. पहिले अकरा श्वास मोजले, ताई म्हणाली, मग डोळा लागला.