हक्कदाराचे बोलणे

हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला नळ आठवड्यातच गळू लागतो. बदलून मागावा, तर दुकानदार मानही वर करीत नाही. अशा वेळी जिभेवरचा ताबा सुटतो. सहीह बुखारीतील एक प्रसंग आठवावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एकाने आपल्या उंटाचे देणे कठोर शब्दांत मागितले. सहाबा (रजि.) संतापले; परंतु हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे, असे सांगून प्रेषितांनी (स.) त्यांना आवरले आणि त्याला अधिक चांगला उंट देवविला.

म्हणून आपला हक्क जरूर मागा. मात्र काउंटरवरील नोकराचा अपमान करू नका, नळ त्याने घडविलेला नाही. आणि आपण स्वतः गल्ल्यावर बसत असाल, तर तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकात तो हक्कदार ओळखा. अल्लाह आपणा सर्वांना सद्‌बुद्धी देवो. आमीन.