हरवणं

मराठीतलं 'हरवणं' हे क्रियापद मोठं मजेशीर आहे. चष्मा हरवतो, जत्रेत पोर हरवतं आणि कुस्तीत एक पैलवान दुसऱ्याला हरवतो. लहानपणी सांगलीत याकडे कधी लक्ष गेलं नाही. ते गेलं प्रागच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी. बारा-तेरा वर्षांची सतरा मुलं, दोन कोच, आम्ही वीसेक पालक आणि आत माणूस झोपू शकेल एवढ्या मोठ्या बॅगांचा डोंगर. पट्टा रिकामा फिरायला लागला तरी एक बॅग आली नव्हती आणि ती नेमकी गोलकीपरची होती. (कॅनडात त्याला सगळे 'गोली' म्हणतात, मीही तेच म्हणतो.) रात्री आईला फोन केला. "काय सांगू, उतरल्या उतरल्या हरवलं," मी म्हटलं. "इतक्यात?" आई म्हणाली. "कुणी हरवलं?"

माझा मुलगा टोरोंटोजवळच्या मिसिसागात आइस हॉकी खेळतो. माझ्या वडिलांना अजूनही हॉकी म्हटलं की हिरवं मैदानच दिसतं. "बर्फावर कशाला तडमडायचं?" हा त्यांचा प्रश्न आहे आणि पहाटे साडेपाचला उणे पंधरात गाडीवरचा बर्फ खरवडताना तो मलाही पडतो. तर सहा-सात महिन्यांपूर्वी एका सहल कंपनीचं पत्र आलं की आमच्या संघाची युरोप दौऱ्यासाठी 'निवड' झाली आहे. प्राग, प्लझेन, फ्युसेन, डाव्होस असे दहा दिवस. निवड खरं तर आमच्या चेकबुकांची झाली होती, हे सगळ्या पालकांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आइस हॉकी हा पैसेवाल्यांचा खेळ होत चाललाय आणि असे दौरे त्याचं टोक आहेत. मग रिकाम्या बाटल्या गोळा करणं, सुपरमार्केटच्या दारात हॉट डॉग विकणं, सोडतीची तिकिटं खपवणं असे उद्योग झाले. तिकिटं मी मराठी मंडळातल्या लोकांच्या गळ्यात मारली. गणपतीच्या वर्गणीचा अनुभव असा कामी येतो.

'निवड' या शब्दावरून आणखी एक. कॅनडात मुलांचे वयोगट कॅलेंडर वर्षावर ठरतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात आणि नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांनी उंचीत चांगलाच फरक पडू शकतो. रॉजर बार्न्स्ली या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की वरच्या दर्जाच्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार जास्त असतात. थोराड पोरगा गुणी वाटतो, त्याला चांगला कोच मिळतो, जास्त वेळ बर्फावर मिळतो आणि मग तो खरोखरच गुणी होतो. बसमध्ये मी आमच्या सतरा जणांचे वाढदिवस मोजले. अकरा जण जानेवारी ते एप्रिलमधले निघाले. माझा नोव्हेंबरातला. बराच वेळ बेंचवर बसतो आणि पाण्याच्या बाटल्या जागच्या जागी ठेवतो.

पहिला सामना प्रागच्या उपनगरात होता. झेक लोक रिंकला लाडानं 'झिमाक' म्हणतात, हिवाळी स्टेडियमचं ते बोलीतलं रूप. बाहेर सॉसेज भाजण्याचा वास, आत रबरी फरशी, अमोनियासारखा थंड दर्प आणि बर्फ गुळगुळीत करणारं ते बोजड यंत्र. आमच्याकडे त्याला झॅम्बोनी म्हणतात, कारण फ्रँक झॅम्बोनीनं ते १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात बनवलं. इथे ते 'रोल्बा' होतं. बाकी सगळं ओळखीचं. फक्त आमचा गोली हिवाळी जॅकेट घालून भिंतीला टेकून उभा होता. साध्या खेळाडूचं सामान उसनं मिळू शकतं. गोलीचं म्हणजे पायांना मांडीपर्यंतचे पॅड, छातीचं चिलखत, एका हाताला झेल घ्यायचा मोठा पंजा, दुसऱ्याला फळीसारखा ग्लोव्ह. ते ज्याचं त्याच्या अंगाला बसलेलं असतं.

समोरच्या संघाचा कोच साठीच्या आसपासचा होता. इंग्रजी जवळजवळ नाही. त्याला काय झालं ते कळलं, तसा तो आतल्या गोदामात गेला आणि दोन्ही हातांत भरून जुने पॅड घेऊन आला. पॅडच्या आतल्या बाजूला मार्करनं कुणाचं तरी आडनाव लिहिलेलं होतं, अर्धं पुसलेलं. मग तो आमच्या पोरासमोर गुडघ्यावर बसला. एकेक पट्टा ओढायचा, पोराच्या गुडघ्याची वाटी अंगठ्यानं चाचपायची, मान हलवायची, पुन्हा सैल करायचं. हेल्मेट तीन बदलली. पोराचे ओठ थरथरत होते, थंडीनं की कशानं कोण जाणे. वीसेक मिनिटं हा माणूस आमच्या गोलीला तयार करत होता आणि त्याचा स्वतःचा संघ बाहेर सराव करत होता. त्यानंतर त्याच्या मुलांनी आम्हाला ९-१ असं धुतलं.

कारण साधं होतं. उत्तर अमेरिकेतली रिंक सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते. युरोपातल्या जुन्या रिंक ६० बाय ३०. चार मीटर म्हणजे काय मोठंसं, असं कागदावर वाटतं. पण आमची मुलं लहान जागेत वाढलेली. पक (म्हणजे ती रबरी चकती) मिळाला की नाकासमोर गोलकडे पळायचं, अडलं की कठड्यापाशी झटापट करायची. इथे झटापट करायला कुणी जवळच येईना. झेक मुलं पक एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकवत राहिली. आमचा गोली शिकवल्याप्रमाणे पुढे येऊन कोन अडवायचा, तोवर पक आडवा जायचा आणि मागचा गोल सताड उघडा. सामना संपल्यावर निळ्या रेषेवर दोन्ही संघ ओळीनं उभे राहिले, हातात हात देऊन झाले. तो कोच पुन्हा आमच्या गोलीकडे आला. पाठ थोपटणं वगैरे काही नाही. त्यानं पोराला खांद्याला धरून गोलसमोर उभं केलं आणि आपल्या बुटाच्या टाचेनं बर्फावर एक रेघ ओढली. तू इथे उभा होतास. मग अर्धं पाऊल मागे दुसरी रेघ. इथे उभा राहा. एवढं करून तो गेला. पॅड पुढच्या सामन्यांसाठी घेऊन जा, असं जाता जाता हातानंच सांगितलं. प्लझेनला आम्ही ४-३ असे हरलो.

मराठी माणूस प्रवासवर्णनांवर पोसलेला आहे. 'अपूर्वाई'पासून मीना प्रभूंपर्यंत आपण युरोप वाचत आलो आणि आता ग्रुप टूरनं जाऊन, स्वित्झर्लंडमध्ये वरण-भात खाऊन, तो पाहूनही येतो. त्यात वाईट काही नाही, मीही केलंय. पण पर्यटकाला कुठलंच शहर हरवू शकत नाही. तो बघतो, पैसे देतो, फोटो काढतो. आवडलं नाही तर शहर नापास, तो कधीच नापास नाही. संघ घेऊन गेलं की हे उलटतं. तिथली माणसं तुमच्याकडे बघतात, तुम्हाला जोखतात, आणि निकाल फळ्यावर लाल आकड्यात लागतो. चार्ल्स पूल आम्ही तासाभरात उरकला. पण झेक माणूस पक कसा सरकवतो हे आमच्या मुलांना जन्मभर आठवेल, कारण ते त्यांच्या अंगावर आलं.

आता, खेळ देशांना जवळ आणतो हे वाक्य बक्षीस समारंभात बोलायला ठीक आहे. प्रागमध्ये उभं राहून ते म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी वेन्सेस्लास चौकात मुलं गोड पदार्थांच्या टपऱ्या शोधत होती. माझ्या मुलाला यारोमिर याग्र ठाऊक होता. पन्नाशी उलटल्यावरही क्लाद्नोसाठी बर्फावर उतरलेला आणि ६८ नंबरची जर्सी घालणारा. "बाबा, ६८च का?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे या चौकात शिरले. त्याच वर्षी याग्रच्या आजोबांचा मृत्यू झाला. १९६९ ची जागतिक स्पर्धा खरं तर प्रागमध्येच व्हायची होती, ती स्टॉकहोमला गेली. तिथे चेकोस्लोव्हाकियानं सोव्हिएत संघाला आठवडाभरात दोनदा हरवलं, २-० आणि ४-३. काही खेळाडूंनी छातीवरच्या बोधचिन्हातला तारा टेपनं झाकला होता. सामन्यानंतर त्यांनी हस्तांदोलन केलं नाही. २८ मार्चच्या रात्री देशभर लोक रस्त्यावर आले, याच चौकातलं एरोफ्लोत या सोव्हिएत विमान कंपनीचं कार्यालय फोडलं गेलं आणि ते निमित्त धरून मॉस्कोनं इथला सुधारणावादी नेता दुबचेक याची गच्छंती केली. एवढं होऊन सुवर्णपदक सोव्हिएत संघालाच मिळालं. चेकोस्लोव्हाकिया तिसरा आला.

त्याआधीची गोष्ट मी मुलाला सांगितली नाही. १९५० मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेला निघालेल्या या देशाच्या संघाला आपल्याच सरकारनं जाऊ दिलं नाही. परदेशात पळून जातील या संशयावरून खेळाडू पकडले. गोलकीपर बोहुमिल मोद्रीला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ही माणसं याआधी दोनदा जगज्जेती झालेली होती. सामना संपला की हात मिळवायचाच, हे आम्ही मुलांना सहाव्या वर्षापासून शिकवतो आणि ते बरोबरच आहे. तरीही स्टॉकहोममध्ये न दिलेला तो हात मला जास्त प्रामाणिक वाटतो. मुलगा गप्प होता. मग आपल्या स्टिकवरची काळी टेप बघत म्हणाला, "हीच टेप?" असावी.

फ्युसेनबद्दल थोडक्यात. बव्हेरियातलं पंधराएक हजार वस्तीचं गाव, शेजारी तो परीकथेतला राजवाडा. पालकांनी राजवाडा पाहिला, मुलं बसमध्ये झोपली. पण या गावच्या क्लबनं १९४९ ते १९७३ या काळात सोळा वेळा जर्मनीचं अजिंक्यपद मिळवलंय, हे कळल्यावर राजवाड्यापेक्षा ती जुनी रिंकच बघावीशी वाटली. तिथे बरोबरी झाली. हॉटेलच्या खोलीतल्या हीटरवर ग्लोव्ह्ज वाळत घातले होते आणि त्या वासानं मी अर्धी रात्र खिडकी उघडून बसलो. हॉकीच्या ग्लोव्ह्जचा वास वर्णन करून सांगता येत नाही. पावसाळ्यात ओल्या चपला तीन दिवस पिशवीत राहिल्या तर त्याच्या जवळपास जातं.

त्या रात्रीच आईचा फोन आला. आमच्या घरात एक रीत आहे, कुणी ठरवलेली नाही. क्रिकेटचा सामना झाला की 'आपण' जिंकलो किंवा हरलो असं म्हणायचं. मी मिसिसागात असलो तरी ते 'आपण' असतं. हॉकीचं सांगताना मात्र मी 'आम्ही हरलो' म्हणतो आणि आई 'तुम्ही हरलात' म्हणते. त्या रात्री तिनं विचारलं, "आज आपलं काय झालं?" मी म्हटलं, बरोबरी. "मग तो गोली पोरगा बरा आहे ना?" आईनं त्याला कधी पाहिलेलं नाही.

डाव्होस पंधराशे मीटरहून उंचावर आहे. एके काळी युरोपभरचे क्षयरोगी इथे हवेसाठी येत. आम्हा सांगलीकरांना वानलेसवाडीचा क्षयरोग्यांचा आश्रम ठाऊक असतो, त्यामुळे उंच व्हरांड्यांच्या त्या इमारती परक्या वाटल्या नाहीत. क्षयावर उपचार करणाऱ्या अलेक्झांडर श्पेंग्लरचा मुलगा कार्ल, तोही डॉक्टर. पहिल्या महायुद्धात एकमेकांना मारून दमलेल्या देशांच्या तरुणांनी निदान बर्फावर समोरासमोर यावं म्हणून त्यानं १९२३ मध्ये एक चषक दिला. पहिल्या वर्षी तो ऑक्सफर्डनं नेला. अजूनही ही स्पर्धा नाताळानंतरच्या आठवड्यात होते आणि कॅनडाचाही एक संघ येतो. लाकडी छताच्या त्या सभागृहात आम्ही कॅनडासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो. आमचा स्वतःचा शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी होता. गोली अर्धं पाऊल मागे उभा होता. माझ्या मुलाला नेहमीपेक्षा चार शिफ्ट जास्त मिळाल्या, कारण दोघे जण पोट बिघडून हॉटेलात पडले होते. ३-२ असे जिंकलो. दौऱ्यातला एकमेव विजय.

पॅड डाव्होसच्या टपाल कचेरीतून कुरिअरनं प्रागला परत पाठवले, आत आमची एक जर्सी घालून. गोलीच्या वडिलांनी आग्रहानं खर्च केला आणि तो त्या जुन्या पॅडच्या किमतीपेक्षा नक्कीच जास्त होता.

हरवलेली बॅग आम्ही परतल्यावर तिसऱ्या दिवशी घरपोच आली. कुलूप जसंच्या तसं. दहा दिवसांत आमच्या सगळ्यांच्या बॅगांना जो वास लागला होता तो हिला अजिबात नव्हता.