मनोरुग्णाचा वाली कोण?

दुर्बळाचे रक्षण हा राजधर्म होय, हे तत्त्व आपणांस नवे नाही. परंतु रक्षण करताना त्या दुर्बळाच्या स्वातंत्र्याचे काय करावयाचे, हा प्रश्न सोपा नाही. आणि ज्याचे मन आजारी आहे किंवा जो मद्याच्या पुरता आधीन झाला आहे, त्याच्या बाबतीत तर तो फारच बिकट होतो. अशा माणसाचा वाली कोण? घर, देवस्थान की सरकार? आमच्या मते या तिघांची कर्तव्ये भिन्न आहेत. एकाने आपले कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात घातले की रुग्ण पोरका होतो.

सरकारने या क्षेत्रात प्रथम पाऊल टाकले ते वैद्य म्हणून नव्हे, पहारेकरी म्हणून. १९१२ च्या कायद्याने भटकणाऱ्या आणि धोकादायक वाटणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचा अधिकार पोलिसांस दिला. समाजाला वेड्यापासून वाचविणे ही त्यामागची दृष्टी. वेड्याला समाजापासून वाचविण्याचा विचार तीत फारसा नव्हता. ती दृष्टी इतकी मुरली की, स्वतंत्र भारतातही कोणताच गुन्हा न केलेले मनोरुग्ण तुरुंगांत खितपत पडले होते. शीला बारसे यांच्या प्रयत्नाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि अशा माणसांस तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे, असे न्यायालयाला १९९३ साली सांगावे लागले. पुढे १९९७ मध्ये रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम न्यायालयाने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविले. सरकारच्या रुग्णालयांवर सरकारव्यतिरिक्त कुणाची तरी नजर हवी, हा त्याचा अर्थ.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला, आणि भाषाच बदलली. उपचार मिळणे हा हक्क ठरला. मद्य व मादक द्रव्यांच्या सेवनातून उद्भवणारे मनोविकारही या कायद्याच्या व्याख्येत आले. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई झाली. आणि रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरले, कोठडीत डांबणे नव्हे.

यावर एखादा पिता विचारील, “मुलगा दारूने मरणपंथाला लागला आहे, आणि उपचार नको म्हणतो. त्याचे स्वातंत्र्य जपत मी त्याची तिरडी बांधू काय?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नकार देणारा तो मुलगा की त्याचे व्यसन, हे कोणी ठरवावे? तथापि नाण्याची दुसरी बाजू वकिली करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. वाटणीच्या दाव्यात भाऊ वेडा ठरला तर सोयीचे होते. नकोशी झालेली पत्नी भ्रमिष्ट ठरली तर त्याहून सोयीचे. ‘तुझ्याच हितासाठी’ हे शब्द प्रेमाच्या तोंडी असतात, तसेच लोभाच्याही. म्हणून कायद्याने मधला मार्ग काढला आहे. रुग्णाच्या जिवाला किंवा इतरांना खरोखर धोका असेल, अथवा त्याला स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, प्रथम तीस दिवसांपर्यंत त्याला दाखल करता येते. आणि ते मंडळाला कळवावे लागते. मुदत आणि दाद, ही दोन कुंपणे आम्हांस नीतिदृष्ट्याही योग्य वाटतात. जी दया हिशेब देण्यास तयार नसते, तिच्यावर विश्वास ठेवू नये.

मात्र सरकारने स्वतःही हिशेब द्यावयास हवा. मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे ४७ वे कलम सांगते; आणि बहुतेक राज्यांच्या तिजोरीत दारूवरील अबकारी महसूल पडतो. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांस दारूपायी मदतीची गरज होती, आणि दारूवर अवलंबून झालेल्या अडतीस जणांत एकालाच कसला तरी उपचार लाभला होता. जो परवाना देतो आणि कर घेतो, त्याने उपचाराला उपकार म्हणू नये; ते ऋण आहे.

आता देवस्थानांविषयी. ऋद्धिपूरचे श्रीगोविंदप्रभू, चक्रधरस्वामींचे गुरू, लोकव्यवहाराच्या दृष्टीने वेडेच होते. ते कुणाच्याही घरात शिरत, हवे ते उचलून खात. आणि गावाने त्यांना बांधून घातले नाही, पुजले. विक्षिप्ताला गावात जागा असते, ही आपली जुनी शिकवण. परंतु याच श्रद्धेची दुसरी कडाही पाहिली पाहिजे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण प्राणांस मुकले. तो दर्गा होता, आपले मंदिर नव्हते, असे म्हणून कोणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. साखळीला धर्म नसतो. देवाचा कौल घेण्यास आमची हरकत नाही. पण कौलासाठी औषध थांबू नये, आणि देवाच्या दारात माणसाला दावे लावू नये.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. बरा झालेला रुग्ण जावयाचा कोठे? घरच्यांनी स्वीकारले नाही किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे २०१७ च्या कायद्याचे १९ वे कलम म्हणते. अशी पाळी येते म्हणूनच हे कलम लिहावे लागले. बरे होऊनही घरी न्यायला कोणी येत नाही, अशा माणसांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. सरकार खाट देईल, गोळी देईल, निवाराही देईल, आणि ते त्याने दिलेच पाहिजे. पण ‘हा आमचा’ असे म्हणणारे कलम कोणत्याही विधिमंडळाला लिहिता येणार नाही. ते म्हणण्याचा अधिकार आपला आहे, आणि म्हणून जबाबदारीही आपलीच.

आपल्या देवस्थानांच्या महाजनांनी याचा विचार करावा. रुग्णालयातून परतलेल्या माणसाला पंगतीत पाट मिळतो का, पालखीच्या वेळी त्याच्या हाती दिवटी दिली जाते का, त्याच्या बहिणीचे लग्न त्याच्या आजारावरून मोडते का? अग्रशाळेतील एखादी खोली दूर गावाहून उपचारासाठी आलेल्या कुटुंबाला देता येईल का? यांतले काहीही खर्चाचे नाही. मनोरुग्णाचा वाली कोण, याचे उत्तर कायद्याने आपल्या परीने दिले आहे. आपले उत्तर अजून द्यावयाचे आहे.