नाही म्हणणारीचं काय होतं?

ताई माझ्याहून वयानं मोठ्या. धंदा करणाऱ्या बायकांच्या संघटनेबरोबर त्यांनी सांगलीकडे आरोग्याचं काम केलं. मी ख्रिस्ती. चर्चच्या मंडळीतल्या बायकांबरोबर मुंबईच्या कामाठीपुऱ्यात, धंद्याच्या वस्तीत जाते. जिला तिथून निघायचं असेल तिला आम्ही आधारगृहात आणतो. आमचा वाद जुना आहे.

ताई: तुमच्या घरात रोज सकाळी प्रार्थना असते. सक्ती नाही म्हणतेस. तरी बायका बसतात. का बसतात?

मी: बरं वाटतं म्हणून. इतकी वर्षं ज्यांनी तिला हात लावला, त्यांनी पैसे मोजून लावला. कुणीतरी तिचं नाव घेऊन देवाकडे तिच्यासाठी मागतंय, हे तिला नवं असतं.

ताई: आणि जिला बरं वाटत नाही तिनं?

मी: नाही बसली तरी चालतं.

ताई: ते तिला कुठून कळणार? कोठ्यावर घरवालीनं दलालाला मोजलेली रक्कम तिच्या नावावर कर्ज म्हणून चढलेली असते. ते फिटेपर्यंत नाही म्हणायची सोय नसते. जिच्या हातात खोली आणि जेवण, तिचं मन ओळखून वागायचं, एवढंच ती शिकलेली. तिथून ती तुमच्याकडे येते. तुम्ही चांगली माणसं आहात, पण छप्पर आता तुमच्या हातात आहे. तिचं हो तू कशावरून खरं मानतेस?

मी: मग तिचं कुठलंच हो खरं धरता येणार नाही. शिवण शिकते म्हणाली, तेही आपल्याला खूश करायला. तुमची संघटना तर सांगते, बाईला स्वतःचं भलं कळतं. धंद्यात राहीन म्हणाली तर तो तिचा निर्णय आणि ख्रिस्ताला मानीन म्हणाली तर तो आमचा दबाव?

ताई: इथं मला अडवलंस. पण मी तिला कंडोम द्यायचे, दवाखान्यात न्यायचे, तेव्हा तिनं माझं एक अक्षर ऐकलं नाही तरी पुढच्या आठवड्यात मी जायचेच. तुमच्याकडे प्रार्थनेला न बसणारीचं काय होतं? तिला हाकलत नाही, ते ठाऊक आहे मला. पण स्वयंपाकघराच्या किल्ल्या कुणाकडे जातात? पाहुणे आले की साक्ष द्यायला कुणाला उभं करता?

मी: हा आरोप पंडिता रमाबाईंवरही झाला. त्यांच्या शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवं होतं का? स्वतःच्या घरात?

ताई: दार उघडं होतं, पण मुली आत गेल्या त्या रमाबाई त्यांना आवडायच्या म्हणून. आवडत्या माणसाला नाही म्हणणं घरवालीला नाही म्हणण्याहून अवघड असतं.

मी: मग प्रेमही करू नये? ताई, या कामातून विश्वास खरवडून काढला तर मागे काय उरेल? बाप्तिस्म्याआधी 1883 मध्ये रमाबाई लंडनमधल्या फुलहॅमला गेल्या. ज्यांना समाज पतित म्हणत होता, अशा बायकांची सेवा तिथल्या ख्रिस्ती सिस्टर्स करत होत्या. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची बायबलमधली गोष्ट वाचून दाखवली गेली. पुढे केडगावला त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. त्याचं मूळ त्या गोष्टीत आहे.

ताई: जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्यांना चर्च लागलं नव्हतं. आणि ती गोष्ट मीही वाचलीय. तहान येशूला लागलेली असते. तो तिच्याकडे पाणी मागतो. तिनं नाही म्हटलं असतं तर तहानलेला तोच राहिला असता. नंतर ती तिच्या गावातच परत जाते. तुम्ही तिच्याकडे कधी काय मागितलंत, जे ती नाकारू शकली असती?

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. मी दुसरीकडून सुरुवात केली.

मी: चौदा वर्षांच्या मुलीचं काय? तिच्या हो-नाहीची वाट बघायची नसते. दार तोडून तिला बाहेर काढायचं असतं.

ताई: तोडावंच. त्यावर आपला वाद नाही. पण त्याच छाप्यात तीस वर्षांची बाईही गाडीत घातली जाते. 2005 साली सांगलीच्या गोकुळनगरात एका अमेरिकी ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकारानं छापा पडला, तेव्हा बायका कुणाविरुद्ध उभ्या राहिल्या? सोडवणाऱ्यांविरुद्ध. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानं न्यायदंडाधिकारी बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतो. इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायकांना शोधून सोडा, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावं लागलं.

मी: आमच्या घराला बाहेरून कुलूप नाही.

ताई: म्हणून तर तुझ्याशी बोलते. छप्पर एकानं द्यावं, प्रार्थना दुसऱ्यानं घ्यावी. राहायची सोय आणि देव एका हातात नकोत.

मी: छप्पर देणारा तो दुसरा कुठाय? तापानं फणफणलेल्या मुलीच्या उशाशी आमची सिस्टर रात्रभर बसते. पगारात हे बसत नाही. ती बसते ती विश्वासानं.

ताई: बसू दे. ती मुलगी बरी होऊन प्रार्थनेला आली नाही, तर पुढच्या तापात सिस्टर बसेल?

मी: बसेल.

ताई: हे मुलीला आज कसं कळावं? कळायचं तर तिनं आधी नाही म्हणून पाहायला हवं. आणि नाही म्हणण्याची किंमत काय असते, हे तिच्या अंगावर लिहिलेलं आहे.

मी: मग आल्या दिवशीच सांगू, प्रार्थनेला न येणारीची खाट, ताट, शिक्षण यातलं काही हलणार नाही. अशा दोघीतिघी घरात मानानं वावरताना दिसल्या की नवीला शब्दांची गरज उरणार नाही.

ताई: देणगीदारांच्या पत्रातही त्यांच्याबद्दल लिहा. ही आमच्याकडे राहिली, शिकली, कमावती झाली आणि तुमच्या देवाला तिनं नाही म्हटलं.

मी: देणग्या कमी होतील.

ताई: किती होतात ते बघ. तेवढा पैसा बाईसाठी येत नव्हता.

मी: त्या पैशावर दोन खाटा असतील, ताई. त्या खाटांवरच्या मुलींना हे तुम्ही सांगाल?

ताई: माझ्याच्यानं नाही सांगवणार. तरी लिही.