अकरा नंबरचा बावटा

बंदरावर वादळाचा बावटा लागला की किनाऱ्यावरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, "कितवा?" एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ अजून लांब समुद्रात आहे. तीन लागला की होड्या वर ओढायच्या. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. दहाच्या पुढे अकरावाही असतो, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. हवामान केंद्राशी संपर्क तुटलाय, आता बंदरावरच्या माणसानं आभाळाकडे बघून काय ते ठरवायचं, असा त्याचा अर्थ. ही उतरंड ज्यानं लावली त्याला किनारा चांगलाच कळला असणार. महाधोक्याच्या पुढे त्यानं आणखी जोराचा वारा नाही ठेवला. बातमी न पोचणं ठेवलं.

3 जून 2020 ची दुपार आठवा. 'निसर्ग' येणार म्हणून आदले दोन दिवस सगळीकडे मुंबईचीच काळजी चालली होती. वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जमिनीवर आलं ते अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगरजवळ. वारा ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटर, झोत एकशे वीसपर्यंत. मुंबई वाचली आणि बातम्यांचा आवाज खाली आला. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड, मंडणगड, दापोली इथून मात्र हाक ऐकू येईना, कारण मोबाईलचे मनोरे बंद पडले होते आणि विजेचे खांब आडवे झाले होते. ज्याचा फोन लागत नाही त्याचं बरं चाललं असेल, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते.

मार दक्षिणेला का बसला? आपल्या बाजूची चक्रीवादळं घड्याळाच्या उलट फिरतात. वादळ नैऋत्येकडून ईशान्येला येत असेल तर केंद्राच्या उत्तरेला वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो आणि दक्षिणेला समुद्रावरून थेट घरादारांवर येतो. पाणी चढतं तेही दक्षिणेलाच. म्हणून अमुक गावाजवळ धडकणार असं ऐकलं की त्याच्या दक्षिणेकडच्या गावांनी निर्धास्त राहू नये. त्या दिवशी वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे समुद्र उधाणावर चाललेला. अशा तिथीला भरतीची वेळ आणि वादळाची वेळ एकच आली तर वाऱ्याआधी पाणी दारात येतं. भरतीच्या वेळा कोळीवाड्यात तोंडपाठ असतात. किनाऱ्यावर हौसेनं बंगला बांधलेल्यांना त्या अनेकदा माहीत नसतात.

वाऱ्याचा हिशेबही सरळ नाही. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. साठच्या वाऱ्यात टिकलेला पत्रा एकशे वीसच्या वाऱ्यात टिकेल असं समजून घरात बसू नये. आणि वादळाचा डोळा डोक्यावरून गेला तर मध्येच सगळं थांबतं. पाऊस ओसरतो, उजाडल्यासारखं होतं, माणसं नुकसान बघायला अंगणात येतात. थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं सुटतो, आणि पहिल्या फेरीत कलंडलेलं झाड दुसऱ्या फेरीत खाली येतं. दारं उघडायची घाई तेवढी करू नये.

इथपर्यंतचं हवामान खातं सांगतं, आणि हल्ली बरंच आधी, बरंच नेमकं सांगतं. 11 नोव्हेंबर 2009 ला 'फयान' आलं तेव्हा मासेमारीचा हंगाम भरात होता, होड्या समुद्रात होत्या, आणि सगळ्याच परतल्या नाहीत. त्या मानानं आज खूप सुधारणा आहे. माझं म्हणणं पुढच्या दिवसांविषयी आहे. वाऱ्याचा खरा जोर काही तासांचा. 'निसर्ग'नंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज नाही म्हणजे काय, ते घरातल्या बाईला विचारावं. विहिरीला पाणी आहे, पण पंप चालत नाही आणि रहाट कधीच काढून टाकलेला. डब्यात तांदूळ आहेत, पण गिरणी बंद, म्हणजे भाकरीचं पीठ नाही. बँकेत पैसे आहेत, पण यंत्रातून नोट निघत नाही. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवलेली, सुकी मासळी, आमसुलं, सगळं कौलं उडालेल्या घरात भिजलेलं. त्यात टाळेबंदी, परगावचा गवंडी येईना, सुतार येईना, आणि मृग चार दिवसांवर.

वाड्यांचं दुःख तर वेगळंच. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे नावाजलेली सुपारी. पोफळ बारीक, उंच, एकाच खोडावर उभी. माड वाकून थोडंफार सोसतो, पोफळ मोडते. एक पडली की शेजारच्या दोघींना घेऊन पडते, तिच्यावर चढवलेला मिरवेलही गेला, तिच्या सावलीतलं जायफळही उघडं पडलं. नवी लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं, आणि लावणारा सत्तरीचा. सरकारी मदत पहिल्यांदा हेक्टरी जाहीर झाली. इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या, तेव्हा गुंठ्याच्या वाट्याला काय येणार? ओरड झाली, मग झाडागणिक विचार सुरू झाला. अर्जांच्या रांगेत उभं राहणं हाही वादळाचाच भाग असतो, पण त्याला बावटा नसतो.

वर्षही पुरं झालं नव्हतं तोच मे 2021 मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि नुकते बसवलेले पत्रे पुन्हा हलले. अरबी समुद्र पूर्वीपेक्षा तापलेला आहे. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर गेलं की वादळाला खाणं मिळतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आपला समुद्र त्याच्या बराच वर असतो. तेव्हा मे-जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीच्या आसपास, किनाऱ्यावर राहणाऱ्यानं हे पाहुणे गृहीत धरावेत.

बॅटरी, काडेपेटी, औषधं, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. त्यात मी दोन-चार गोष्टी घालीन. पंधरा दिवसांचं पीठ आधी दळून आणावं. थोडी रोकड घरात असावी. निदान एका विहिरीवरचा रहाट पुन्हा बसवावा. आळीत एकटं कोण राहतं, त्याच्या मुलांचे फोन नंबर वहीत लिहून घ्यावेत, मोबाईलमध्ये नव्हे. आणि रस्ता पहिल्यांदा मोकळा होतो तो गावातल्याच माणसांच्या हातून. बाहेरची तुकडी पडलेल्या झाडांच्या पलीकडे अडकलेली असते. तेव्हा झाड कापायचं यंत्र गावात कुणाकडे आहे, त्यात पेट्रोल आहे का, आणि ते चालवता कुणाला येतं, एवढं आज दुपारपर्यंत विचारून ठेवावं.