पट्टा सैल करा

मशीनची घरघर थांबली. दंडावरचा पट्टा सुस्कारा टाकल्यासारखा सैल पडला आणि पडद्यावर आकडे उमटले: वर १९६, खाली ११२. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत. आकडे तेच आहेत.

मशीन बाजूला ठेवा आणि आधी शरीराची विचारपूस करा. छातीत दुखतंय का, कुणी दाबून धरल्यासारखं होतंय का? श्वास अपुरा पडतोय? पाठीत अचानक कळ आली? डोकं आजवर कधी दुखलं नव्हतं असं ठणकतंय? नजर अंधुक झाली? घरातल्या माणसाकडे बघून हसा, दोन्ही हात समोर उचलून धरा, स्वतःचं पूर्ण नाव सांगा. तोंड वाकडं दिसलं, एक हात खाली आला, जीभ अडखळली किंवा वरच्या एकाही प्रश्नाला 'हो' आलं, तर इथेच थांबा. पुढचं वाचू नका, पुन्हा बीपी मोजत बसू नका. १०८ला फोन लावा. स्वतः गाडी चालवू नका. त्रास किती वाजता सुरू झाला ते सोबतच्या माणसाला सांगून ठेवा, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरात गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई असेल, तर तिच्यासाठी १६०/११०सुद्धा लगेच दवाखाना गाठण्याइतका मोठा आकडा आहे, मग तिला काही त्रास होत असो वा नसो.

यातलं काहीच नाही? मग बसा.

पाठ खुर्चीला टेकू द्या. पायांची घडी सोडा, तळवे फरशीवर ठेवा. फरशी गार लागतेय, ते जाणवू द्या. लघवीला जायचं असेल तर आधी जाऊन या. भरलेलं मूत्राशयही आकडा चढवतं. मापायचा हात टेबलावर ठेवा, दंड छातीच्या पातळीत. बाही वर सरकवून दंडाला आवळत असेल तर सदऱ्यातून हातच बाहेर काढा. टीव्ही बंद. आता पाच मिनिटं कुणाशी बोलायचं नाही.

या पाच मिनिटांत गेला अर्धा तास आठवा. जिने चढून आलात? चहा झाला? तंबाखू? फोनवर कुणाशी वाजलं? मग जरा मागे जा. आज गोळी घेतलीत का? चतुर्थीच्या उपवासाला 'पोटात काही नाही' म्हणून राहून गेली का? सर्दीची गोळी, गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, या दोन्हींनी बीपी वाढू शकतं आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. स्वतःला दोष देऊ नका. फक्त आठवा.

आता त्या आकड्याजवळ जरा थांबा. १९६ म्हणजे पाऱ्याचा १९६ मिलिमीटर उंचीचा स्तंभ. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, म्हणून पाण्यात मोजला तर हाच दाब जवळजवळ पावणेनऊ फूट भरतो. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स या पाद्र्याने घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडली होती. तिच्यात रक्त आठ फुटांच्या वर चढलं. १७३३ साली त्याने ते छापलं. रक्तदाब माणसाने प्रथम पाहिला तो असा, डोळ्यांसमोर वर चढताना. तुमच्या रक्तवाहिन्या हा भार प्रत्येक ठोक्याला पेलताहेत, आणि बहुधा आजच नाही, कित्येक महिन्यांपासून.

म्हणूनच तो घाईने उतरवायचा नाही. माझ्या आईच्या मशीनवर एका रात्री पावणेअकराला २०४ दिसलं. तिच्या गोऱ्या दंडावर पट्ट्याची विणीसकट लाल खूण उमटली होती. शेजारच्या काकांनी प्रेमाने स्वतःची गोळी आणून दिली, "जिभेखाली ठेवा, दहा मिनिटांत खाली येतं." मीही तीच उघडत होतो. फोनवर डॉक्टर म्हणाले, "ती गोळी आधी खाली ठेवा." कारण काय, ते त्यांनी नंतर समजावलं. बरेच दिवस दाब जास्त असला की मेंदूच्या वाहिन्या त्या दाबाला सरावतात, स्वतःला आवळून घेतात. दाब एकदम पडला तर त्या आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त पुरेसं पोचत नाही. वाचवायला जावं आणि पक्षाघात व्हावा, असं घडलेलं आहे. जिभेखाली निफेडिपिन हे बीपीचं औषध द्यायची पद्धत थांबवा, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९६मध्ये याचसाठी लिहिलं. त्या रात्री आई नुसती बसून राहिली. मी तिचा हात धरला होता. दुसऱ्यांदा १८८, तिसऱ्यांदा १७६. दुसऱ्या दिवशी तिची औषधं बदलली.

पाच मिनिटं झाली असतील. पुन्हा पट्टा बांधा, कोपराच्या दोन बोटं वर, उघड्या दंडावर. न बोलता मोजा. एक मिनिट थांबून आणखी एकदा.

आकडा उतरला असेल तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. वरचा १८०च्या किंवा खालचा १२०च्या पुढेच राहिला, तर आजच फोन करा. रात्र असेल आणि फोन लागला नाही, तर सकाळी पहिलं काम तेच. नेहमीची गोळी चुकली असेल तर ती आता घ्यायची का, हेही त्यांनाच विचारा. मनाने दोन घेऊ नका, दुसऱ्याची तर मुळीच नको. लसूण, लिंबूपाणी आजच्या आकड्यावर उपाय नाही. रात्रभर दर दहा मिनिटांनी मोजत राहू नका. भीतीनेही आकडा चढतो. झोपताना घरच्यांना मात्र सांगून ठेवा, की काही वेगळं वाटलं तर उठवेन.

आता वही घ्या. तारीख, वेळ, तिन्ही आकडे आणि त्याआधी काय घडलं ते लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या, आणि मशीनही पिशवीत टाका, म्हणजे ते बरोबर मोजतं का हे तिथेच ताडून पाहता येईल.