उलटा ओतलेला बाक

अंगणासाठी सिमेंटचा नक्षीदार बाक घरी करायचा, तर त्याची बसायची फळी उलटी ओतणं चांगलं. प्लायवूडचा साचा, आतून तेलाचा हात फिरवलेला. त्याचा तळ म्हणजेच उद्याची बसायची बाजू. त्यामुळे सगळ्यांत आधी मांडायचे ते फुटक्या टाइल्सचे तुकडे, तेही चकाकती बाजू खाली करून. नक्षी मांडणाऱ्याला दिसते ती फक्त त्यांची मातकट पाठ. मधोमध ‘आई’ लिहायचं असेल तर अक्षरं उजवीकडून डावीकडे, आणि ‘आ’चा काना त्याच्या डाव्या हाताला.

आधी मजबुती, मग शोभा, असं आपण ऐकत आलो. इथे शोभा पहिली, आणि मला ते पटतं. तयार बाकावर मागाहून डकवलेले तुकडे पुढे कधीतरी पोकळ वाजू लागतात. ओततानाच आत घेतलेले अंगचेच होऊन जातात.

मग माल. सिमेंट एक घमेलं, वाळू दीड, बारीक खडी तीन. पाणी मात्र हात आखडून. पातळ माल ओतायला सोपा, पण जास्तीचं पाणी उडून गेलं की आत छिद्रं उरतात आणि फळी कच्ची निघते.

खरी मेख सळयांत आहे. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा. माणूस बसला की फळीची खालची बाजू ताणली जाते, म्हणून लोखंड त्या अंगाला हवं. साचा उलटा असल्यामुळे ते ‘खाली’ आत्ता वर आहे. स्लॅबचा हात बसलेला गवंडी सवयीने सळया साच्याच्या तळाशी बसवायला जातो. त्याला तिथेच थांबवावं. (काँक्रीटमध्ये लोखंड घालण्याचं एक सुरुवातीचं पेटंट फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए या माळ्याचं. १८६७ साली त्याने ते झाडांच्या कुंड्यांसाठी घेतलं. पूल आणि टाक्या नंतरच्या.)

वर गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारायचं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने होतं. त्याची ताकद धरतात ती २८ दिवसांची. दोन-तीन दिवसांतच ते टणक लागतं, आणि उतावळे लोक तिथेच फसतात.

चार फूट लांब, सव्वा फूट रुंद, तीन इंच जाड फळी ८० किलोंच्या वर भरते. ती उलटवायला शेजारपाजारचे तीन-चार जण लागतातच. म्हणजे नक्षी कशी उतरली, हे करणाऱ्याला एकट्याने आधी बघून घ्यायची सोय नाही. पहिलं दर्शन चारचौघांतच. कुठला निळा तुकडा तिरका बसलाय हे सांगायला शेजारी मागेपुढे पाहत नाहीत. बाकाचे पाय मात्र आदल्या आठवड्यातच गाडून, लेव्हल बघून ठेवावेत, म्हणजे उचललेली फळी थेट त्यांवर टेकवता येते. कंबर धरून बसलेल्या त्याच माणसांना दुसऱ्यांदा बोलवणं बरं दिसत नाही.